पिलाताचे नाव

आज, ३ एप्रिल २०२६, उत्तम शुक्रवार. रायपूरच्या चर्चमधून भरदुपारी उपासना चालेल. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचने होतील. चैत्रातल्या उन्हात काचा तापलेल्या असतील आणि पंखे फिरूनही कुणाला फारसा वारा लागणार नाही. त्या उपासनेत ख्रिस्ती माणूस आपला विश्वासांगीकार म्हणेल. ख्रिस्ती धर्माने आपले सगळे सार त्या मोजक्या ओळींत साठवले आहे. देव, सृष्टी, पापक्षमा, पुनरुत्थान हे सारे त्यात येते, पण येशूखेरीज माणसांची नावे त्यात दोनच आहेत. एक त्याच्या आईचे, मरीयेचे. दुसरे पंतय पिलाताचे.

पेत्राचे नाव त्यात नाही, पौलाचे नाही, मोशे-अब्राहामांचेही नाही. यहूदियातल्या एका रोमन सुभेदाराचे आहे. ज्याला आरोपीत काही दोष सापडला नव्हता, ज्याने तसे बोलूनही दाखवले, आणि बाहेर जमलेल्या जमावाचा आवाज चढताच ज्याने पाणी मागवून हात धुतले, त्या अधिकाऱ्याचे नाव गेली कित्येक शतके जगभरच्या चर्चमधून रविवारमागून रविवार घेतले जाते. येशूचे दुःख नशिबाच्या खात्यावर टाकायला या धर्माने पहिल्यापासून नकार दिला, असे आम्ही यातून समजतो. ते दुःख अमुक राजवटीत, अमुक अधिकाऱ्याच्या अंगणात, अमुक हुकमाने घडले, अशी त्याची नोंद आहे. दुःखाचा अर्थ लावायचा तर आधी ते कुणी केले हे सांगावे लागते. अर्थाची चर्चा त्यानंतरची.

हा अग्रलेख आम्हाला पुरानी बस्तीमुळे लिहावासा वाटला.

रायपूरच्या मराठी माणसाला पुरानी बस्ती नव्याने सांगायला नको. महामायेचे देऊळ, भोसल्यांच्या काळाशी नाते सांगणारा दूधाधारी मठ, टुरी हटरीचा बाजार आणि तिथले जगन्नाथाचे मंदिर. तात्यापाऱ्यातली कितीतरी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नवरात्रात या गल्ल्यांतून महामायेच्या दर्शनाला गेली आहेत. इथल्याच जैतूसाव मठात १९३३ साली हरिजन यात्रेवर निघालेले गांधीजी आले होते. देवळाच्या दारापर्यंत कुणाला येऊ द्यायचे आणि कुणाला नाही, या प्रश्नाशी या वस्तीची ओळख तेव्हापासूनची आहे.

याच वस्तीच्या नावाचे पोलीस ठाणे आहे. ५ सप्टेंबर २०२१, रविवार. भाठागावच्या एका पास्टरविरुद्ध धर्मांतराची तक्रार आली आणि पोलिसांनी त्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले. तो आला. तक्रार करणारे आणि त्यांचे समर्थकही मोठ्या संख्येने तिथे जमले होते. शब्दाला शब्द वाढला आणि ठाण्याच्या आत, गणवेशातल्या माणसांच्या देखत, त्याला चपला-बुटांनी मारहाण झाली. तिचे चित्रण देशभर फिरले. मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला, ठाणेदारांना लाइन अटॅच केले गेले, आणि काही दिवसांतच रायपूरच्या पोलीस अधीक्षकांनाही बदलण्यात आले. प्रशासनाने एवढे केले हे नोंदवले पाहिजे. पण जिच्या भिंतींआड जिवाला धोका नसावा अशी एकच सरकारी जागा सामान्य माणसाला ठाऊक असते, आणि तिथेच ते घडले, हेही तेवढ्याच ठळकपणे नोंदवले पाहिजे.

तक्रार खरी होती की खोटी, हा वेगळा विषय आहे आणि तो तपासाचा आहे. धर्मांतराबद्दल या भागात अस्वस्थता आहे, ती आजची नाही, आणि ती बोलून दाखवणारा प्रत्येक जण दंगेखोर नसतो. १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला तो याच अस्वस्थतेतून. त्याला आव्हान देणारे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस रायपूरचेच होते आणि त्यांच्यावरच्या खटल्याला मंजुरी बलौदाबाजारच्या दंडाधिकाऱ्यांनी दिली होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तो निकाल कुणाला पटो न पटो, तो देशाचा कायदा आहे. कायदा असतो तिथे चपलेचे काम उरत नाही.

अशा मारहाणीनंतर सांत्वनाची दोन वाक्ये ठरलेली असतात. बाहेरचे म्हणतात, केले असेल काहीतरी, उगाच कोण मारतो? आतले म्हणतात, प्रभू परीक्षा पाहत आहे, छळ सोसणारे धन्य, आपला वधस्तंभ आपण वाहायचा. पहिले वाक्य कठोर वाटते आणि दुसरे भक्तीचे. मार खाल्लेल्या माणसाच्या पदरात दोन्हींतून एकच गोष्ट पडते: जे झाले ते होणारच होते, तू गप्प राहा.

पवित्र शास्त्रातला सगळ्यात धीट ग्रंथ याच वाक्यांविरुद्ध उभा आहे. ईयोबाचा ग्रंथ. गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगभर फोड आले आणि हा सज्जन गृहस्थ राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला. त्याचे तीन मित्र भेटायला आले. आरंभी त्यांनी फार चांगले केले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बिघडले ते बोलू लागल्यावर. अलीफज, बिल्दद, सोफर, तिघेही विद्वान, तिघेही धार्मिक, आणि तिघांचेही म्हणणे एकच: देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, त्या अर्थी तू पाप केले आहेस. ईयोब ऐकून घेत नाही. तो देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, आपला खटला चालवा म्हणतो. आणि शेवटी देव बोलतो तेव्हा तो रागावतो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. आपल्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असे तो त्यांना सुनावतो.

हे वाचले की आम्हाला नेहमी वाटते, दुःखी माणसापुढे देवाची वकिली करण्याइतके सोपे पाप दुसरे नसेल. ते करताना आपण पुण्यच करतो आहोत असे वाटत राहते. ईयोबाला उत्तर मिळत नाही. आपल्यावर हे का आले, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. त्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र मान्य होतो. ख्रिस्ती धर्माने दुःखाचे कोडे सोडवले आहे असे जे सांगतात त्यांनी हा ग्रंथ पुन्हा उघडावा. आणि आजच्या दिवशी तर त्याहून मोठा पुरावा समोर आहे. वधस्तंभावर येशूनेही जुन्या स्तोत्राचा आधार घेऊन देवाला विचारले की मला का सोडलेस. त्यालाही त्या दुपारी उत्तर आले नाही.

ईयोबाचा हा ग्रंथ मूळ हिब्रूवरून मराठीत आणणाऱ्यांत एक बाई होती, आणि तिला हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. यंदा येत्या रविवारी, ५ एप्रिलला, पुनरुत्थानाचा सण आहे. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई, आणि त्या गेल्या तो दिवसही ५ एप्रिल, साल १९२२. हा योग दरवर्षी येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

१८७४च्या दुष्काळात दक्षिणेत भटकत असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब उपासमारीने संपत गेले. आधी वडील, मग आई, मग बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आई तापात भाकरीसाठी तळमळत होती. रमाबाई शेजारच्या बाईकडे तुकडा मागायला गेल्या. त्या बाईने प्रेमाने विचारले, काय हवे? पण विद्वान ब्राह्मणाच्या, पुराणिकाच्या मुलीच्या तोंडून मागणे बाहेर पडेना. डोळ्यांतून पाणी, ओठ मिटलेले. बाईला आपसूक कळले आणि तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन त्या आल्या, तेव्हा आईच्या अंगात तो खाण्याचेही त्राण उरले नव्हते. पुढे १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा पटकीने गेला, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंनी आपल्या दुष्काळाचा अर्थ काय लावला? आम्हाला दिसते ते असे. १८९६-९७मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रांतातच होते. बातमी आली तेव्हा रमाबाईंच्या संस्थेकडे जागा नव्हती, पैसा नव्हता, प्लेगची धास्ती होती. त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून हिंडल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, त्यांना फसवून पळवणारे दलाल पाहिले, आणि तीनेकशे मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगावला माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले ते या मुलींसाठी. तिथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता, आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन होते, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. सोळाव्या वर्षी भाकरीचा तुकडा मागताना ज्या मुलीची वाचा बसली होती, तिने न मागताही भाकरी मिळेल अशी जागा बांधली.

आपला दुष्काळ देवाने कशासाठी पाठवला, याचे स्पष्टीकरण देत त्या बसल्या नाहीत. आपल्याला भूक माहीत आहे, म्हणून समोरच्या मुलीची भूक आपल्याला ओळखू येते, एवढ्यावर त्या कामाला लागल्या. आणि हा अर्थ त्यांचा त्यांनी शोधला होता. १८७४ साली आईच्या उशाशी बसलेल्या त्या मुलीला कुणी येऊन सांगितले असते की बाळ, यातून पुढे मोठे कार्य घडणार आहे, तर ते सांगणे निर्दयपणाचे झाले असते. तेच वाक्य पन्नाशीतल्या रमाबाईंनी स्वतःविषयी म्हटले तर ती साक्ष होते. बोलणारा कोण, यावर सगळे अवलंबून आहे. आपला वधस्तंभ माणूस स्वतः उचलू शकतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो चढवण्याचे काम सुवार्तेत रोमन शिपायांनी केले आहे.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते संपत आले असता, जुलै १९२१मध्ये मनोरमाही गेली. चाळीस वर्षांची. ती आपल्यामागे संस्था सांभाळील असे ठरले होते. भाषांतर थांबले नाही. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत रमाबाई गेल्या आणि त्यांचे शास्त्र १९२४ साली छापून आले.

छत्तीसगडच्या वाचकाला आणखी एक नाते सांगण्याजोगे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पहिल्यांदा नवा करार आला तो १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघालेल्या आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवऱ्याचा विश्वास बायकोचे दुःख झाला होता. ख्रिस्ती धर्म आणि दुःख यांची गोष्ट सांगताना ही बाजू लपवू नये. लक्ष्मीबाईंनी ती लपवली नाही, आणि पुढे १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतल्यावरही आधीची वर्षे गोड करून सांगितली नाहीत.

याच छत्तीसगडात चांदखुरी आहे, चांपा आहे. चांदखुरीचा कुष्ठाश्रम १८९७चा, चांप्याचा १९०२चा. महारोग म्हणजे मागल्या जन्मीचे पाप, असे मानणाऱ्या काळात ते उभे राहिले. येशूला शिष्यांनी एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारले होते, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे सांगून त्याने त्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावला. चांदखुरीत जखमा धुणाऱ्यांनीही कारणाच्या चौकशीत वेळ घालवला नाही. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी, त्यांच्या अहंकाराविषयी बोलण्याजोगे पुष्कळ आहे. ऑस्कर लोर १८६८ साली विश्रामपूरला आले तेव्हा सतनामी समाजच्या समाज आपल्याकडे येईल अशी त्यांची अपेक्षा होती. गुरू घासीदासांचा तो समाज आपल्याच वाटेवर राहिला, आणि आले ते थोडेच. पण जखम धुणारा हात कुणाचा होता हे जखम झालेला विसरत नाही, आणि त्याने विसरावे अशी सक्ती करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इथे चर्चलाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गावोगाव चंगाई सभा होतात. आजारी माणसासाठी प्रार्थना करणे यात गैर काहीच नाही, कोणता धर्म ते करत नाही? पण माणूस बरा झाला नाही की त्याचा विश्वास कमी पडला असे सांगणारे उपदेशक आम्ही ऐकले आहेत. कर्करोगाने खंगलेल्या बाईला, मूल गमावलेल्या आईला हे सांगणे म्हणजे अलीफज-बिल्ददचाच धंदा आहे, फक्त पोशाख बदललेला. पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. आता पौलाचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? छळाविरुद्ध बोलण्याचे बळ चर्चला हवे असेल तर आपल्या मांडवात चालणारी ही क्रूरता त्याने आधी थांबवावी. तक्रारदारांसाठी नव्हे, त्या बाईसाठी.

आणि छळ सोसावा, गप्प राहावे, दुसरा गाल पुढे करावा, हे मार खाल्लेल्याला सांगणाऱ्यांनी योहानाची सुवार्ता पुन्हा वाचावी. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूच्या थोबाडीत मारली. हात बांधलेल्या येशूने गाल पुढे केला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असे त्याने विचारले. ताब्यात घेतलेल्या माणसाने मारणाऱ्याकडे पुरावा मागितला. पौलाचे तर आणखी पुढचे. फिलिप्पैमध्ये त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप पाठवला. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत मारले, आता चोरून काय सोडता, स्वतः येऊन बाहेर न्या, असे त्याने कळवले, आणि त्यांना यावे लागले. नागरिकत्वाचा हक्क सांगून अधिकाऱ्यांना माफी मागायला लावणारा हा प्रेषित भाठागावच्या पास्टरच्या शास्त्रात आहे. मारहाणीचा गुन्हा नोंदवणे, न्यायालयात जाणे यात भक्ती कमी होत नाही.

क्षमेचेही तसेच. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांचे काम सोडले नाही. ती क्षमा त्यांची होती, दुसऱ्या कुणी ती त्यांच्या वतीने करू शकले नसते. राज्याने मात्र खटला चालवला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली म्हणून न्यायालयाने फाइल बंद केली नाही, आणि खटला चालला म्हणून त्यांची क्षमा खोटी ठरली नाही. पोलिसांबद्दल लिहिताना आपल्या छत्तीसगडातले नारायणपूरही आठवावे. डिसेंबर २०२२मध्ये तिथल्या गावांतून शेकडो ख्रिस्ती आदिवासी हाकलले गेले, ऐन नाताळात इनडोअर स्टेडियममध्ये झोपले. २ जानेवारी २०२३ला जमाव विश्वदीप्ती शाळेच्या आवारातल्या चर्चवर चालून गेला, तेव्हा त्याला अडवताना जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक सदानंद कुमार यांचे डोके फुटले. पिलाताच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला हात धुवावेच लागतात असे नाही.

उत्तम शुक्रवारची गोष्ट मरणापाशी संपत नाही, ती दफनाच्या परवानगीपर्यंत जाते. संध्याकाळ होत आली तेव्हा अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे गेला आणि त्याने देह मागितला. पिलाताने शताधिपतीला बोलावून माणूस खरोखर मेला का याची खात्री केली आणि देह देववला. योसेफाने खडकात खोदलेल्या स्वतःच्या कबरेत तो ठेवला. येशूला मारणाऱ्या राजवटीनेही त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याला पुरू दिले.

बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचे गाव आहे. मध्य प्रदेशातले प्रसिद्ध छिंदवाडा नव्हे. तिथले एक पास्टर ७ जानेवारी २०२५ला वारले. आजोबा आणि आत्या गावच्याच दफनभूमीत पुरलेले असल्याने वडिलांनाही तिथे किंवा निदान स्वतःच्या शेतात पुरू द्यावे, असे मुलाचे म्हणणे होते. गावाने विरोध केला. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. देह शवागारात राहिला. बापाला माती देण्यासाठी मुलाला दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २७ जानेवारीला निकाल लागला तो दुभंगलेला. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे मत, शेतात पुरू द्या. न्या. सतीशचंद्र शर्मा यांचे मत, नेमलेल्या दफनभूमीतच पुरावे. आणखी विलंब नको म्हणून दोघांनी मिळून आदेश दिला आणि देह वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालला नेऊन पुरला गेला. वीस दिवस. योसेफाला एक संध्याकाळ पुरली होती.

२०२५च्या डिसेंबरात कांकेर जिल्ह्यात दफनावरूनच पुन्हा आग पेटली. पुरलेला देह उकरून काढण्यात आला, आणि २४ डिसेंबरच्या छत्तीसगड बंदमध्ये रायपूरच्या मॅग्नेटो मॉलमधली नाताळची सजावट फोडली गेली. पुरानी बस्तीच्या वेळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते, छिंदवाड्याच्या आणि कांकेरच्या वेळी भाजपचे. एका पक्षाला बोल लावून हा विषय मिटवता येणार नाही.

मेलेल्या माणसाला काही कळत नाही, तेव्हा दफन कुठे झाले याने काय फरक पडतो, असे विचारणारे भेटतात. ज्यांच्या घरात दहाव्याला कावळा शिवेपर्यंत माणसे उन्हात ताटकळत बसतात, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. आपला माणूस आपल्या गावच्या मातीत, आपल्या माणसांशेजारी असावा, ही ओढ बाप्तिस्म्याने पुसली जात नाही. दलित ख्रिस्ती ईश्वरशास्त्राची मांडणी करणारे अरविंद निर्मल सांगत असत की वेदना ही कृतीच्या आधी येते आणि देवाची ओळखही आधी वेदनेतच होते. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्त हा देवळाबाहेर, वेशीबाहेर ठेवला गेलेला माणूस होता. सुवार्ताही तेच सांगते: त्याला शहराच्या वेशीबाहेर मारले. वेशीबाहेर म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ख्रिस्ती बांधवांनी आपल्या दुःखाचा अर्थ काय लावावा, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. तो अर्थ त्यांचा आहे, आज दुपारी ते तो आपल्या देवाशी बोलून घेतील, भांडून घेतील. आम्हाला बोलता येते ते दुःख देणाऱ्या यंत्रणेविषयी, कारण ती आपल्या सगळ्यांची आहे, आपल्या करातून चालते. न्या. नागरत्ना यांनी आपल्या निकालपत्रात राज्यभर ख्रिस्ती समाजासाठी दफनभूमी आखून देण्याचे काम दोन महिन्यांत करावे असे शासनाला सांगितले होते. निकाल दुभंगलेला असल्याने त्या निर्देशाला किती बळ, यावर वकिलांना वाद घालता येईल. गरजेविषयी वाद नाही. तेव्हापासून वर्ष उलटून गेले. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पंचायतीत, किती जागा आखल्या आणि कुठे अजून आखलेल्या नाहीत, याची गाववार यादी शासनाने जाहीर करावी आणि प्रत्येक गावासमोर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लिहावे.